पळालेल्या गावाची हजेरी

बार्शीच्या बसस्टँडवर मला निरोप द्यायला सात माणसं आली होती. सगळ्यांची समजूत अशी की मी परदेशी चाललेय. चूक त्यांची नव्हती. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला एका आंतरराष्ट्रीय संघटनेत कामगार कायद्याची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आईने पेढ्यांबरोबर गल्लीभर वाटला होता. संघटनेचं नाव मी इथे लिहिणार नाही. न लिहिण्याबद्दल त्यांनी माझ्याकडून तीन पानांवर सह्या घेतल्यात. मुख्य कचेरी बर्फाच्या देशात आहे एवढं खरं. म्हणून आईने सोलापूरहून गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी कोट आणला. कोट आल्यावर चार दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. प्रत्यक्ष कामाचं ठिकाण, जिल्हा सिंधुदुर्ग. दुकानदार कोट परत घेईना, त्यामुळे तो माझ्याबरोबर निघाला.

काम असं होतं. मालवण तालुक्यात आडबंदर नावाच्या गावी (हे नाव मी बदललंय) काजूचा एक कारखाना आहे. तिथला माल परदेशी जातो. परदेशातल्या काजू खाणाऱ्यांना हल्ली काजू फोडणाऱ्या बायकांची काळजी वाटू लागली आहे, म्हणून मालकाने आपणहून पाहणीला होकार दिला होता. मी तिथे जाऊन चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरायचा. निघण्यापूर्वी दोन नियम माझ्याकडून पाठ करून घेतले होते. हस्तक्षेप करायचा नाही, नुसती नोंद करायची. आणि भरलेला फॉर्म संबंधितांना मोठ्याने वाचून दाखवायचा. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र पाहिजे असेल तर कार्यस्थळावरची माझी हजेरी अखंड असली पाहिजे, हेही शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. ते मी नीट वाचलं नाही. कायद्याची विद्यार्थिनी असूनही वाचलं नाही, हे इथेच कबूल करून टाकते.

सकाळी सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे लोकांच्या भाषेत ओरोसला, उतरले. जिल्ह्याच्या कचेरीतून एका पत्रावर शिक्का हवा होता. टेबलामागच्या गृहस्थांनी पत्र वाचलं, शिक्का मारला आणि शांतपणे म्हणाले, "पण आज जाऊ नका. चार दिवसांनी जा."

"का बरं?"

"आज तिथे कोणी भेटणार नाही."

आमच्या प्रशिक्षणात एक अख्खा तास याच वाक्यावर होता. पाहणी टाळायची असली की स्थानिक यंत्रणा 'आज कोणी भेटणार नाही' असं सांगते, तेव्हा अजिबात मागे हटू नये. मी अजिबात मागे हटले नाही. "आजच जाईन," मी ताठ मानेने म्हणाले. गृहस्थांनी माझ्या हातावरच्या कोटाकडे पाहिलं आणि पत्र परत दिलं.

कसालला हायवेवरच्या एका हॉटेलात उसळपाव खाल्ला. तिथून एस.टी.ने कट्ट्याला आले. कट्टा हे बाजाराचं गाव, पुढे रिक्षा करायची. आडबंदरचं नाव काढल्यावर रिक्षावाल्याने बसल्याजागी मागे वळून मला नीट न्याहाळलं.

"आडबंदराक? आज?"

"हो, आजच."

"थंय कोण नाय, बाय. गाव पळालो."

"सगळा?"

"कोंबड्यांसकट."

तो चेष्टा करतोय असं वाटलं, पण त्याचा चेहरा सरळ होता. कामगार अचानक पळून गेले असतील तर ते वेठबिगारीचं लक्षण समजावं, असं आमच्या पुस्तिकेत जाड अक्षरांत आहे. अख्खं गाव पळालं असेल तर काय समजावं हे पुस्तिकेत नव्हतं. मी रिक्षातूनच वरिष्ठ मॅडमना संदेश पाठवला, 'संपूर्ण गाव फरार. कोंबड्यांसह.' मॅडम बर्फाच्या देशात असतात, पण मूळच्या इंदूरच्या, त्यामुळे त्यांना मराठी येतं. उत्तर लगेच आलं, 'घाबरू नका. फोटो काढा.'

रिक्षावाल्याने मला गावाच्या हद्दीवर उतरवलं. "फुडे मी येवचंय नाय," एवढंच म्हणाला आणि मागे फिरला.

मी आत चालू लागले. गाव देखणं होतं. जांभ्या दगडाचे गडगे (बांधावरच्या भिंती), लाल पाऊलवाट, दोन्ही बाजूंना पोफळी. एका खळ्यात (अंगणात) तुळस, पुढच्या खळ्यात पांढरा क्रूस. सगळं झाडूनपुसून ठेवलेलं, दारांना नुसत्या कड्या. विहिरीचा दोर गुंडाळून कठड्यावर ठेवला होता. कुत्रं भुंकत नव्हतं, कोंबडा आरवत नव्हता, कुठल्याच चुलीचा धूर नव्हता. मी पाच दारं ठोठावली आणि प्रत्येक दारापुढे माझी ओळख करून दिली. सहाव्या दाराशी माझाच आवाज ऐकून मला लाज वाटली आणि मी थांबले.

कारखान्याच्या गेटला कुलूप होतं. गेटवर पिठाच्या खळीने चिकटवलेला एक कागद, त्यावर गोलसर अक्षरात काहीतरी लिहिलेलं. गावपळण की काय, अशा कसल्या निमित्ताने बंद, एवढं ओझरतं वाचलं आणि एखादा उत्सव असेल म्हणून सोडून दिलं. कारण माझं लक्ष अ‍ॅपकडे होतं. हजेरी लागायला इंटर्नचा चेहरा, कारखान्याचं गेट आणि पाटी एकाच फोटोत यावी लागते. ऊन तोंडावर, हातावर कोट, खांद्याला पिशवी. अ‍ॅप म्हणे चेहरा ओळखता येत नाही. कोट अंगात घातला, म्हणजे हात मोकळे होतील. अ‍ॅप म्हणे इंटर्न बदललेली दिसते. नवव्या फोटोला हिरवी खूण उमटली, 'आपण कार्यस्थळी हजर आहात.' त्या गावात त्या क्षणी हजर असलेली मी एकटीच होते.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. कारखान्याच्या मागे व्हाळ (ओढा) होता आणि व्हाळाच्या पलीकडे, सड्याच्या (कातळी माळाच्या) उतारावर, तीनचारशे माणसं उभी राहून माझ्याकडे हातवारे करत होती. मला वाटलं, निदर्शनं. मोर्चा समोर असताना प्रतिनिधीने शांत राहावं, असं शिकवलेलं होतं.

"मी पाहणीसाठी आलेय!" मी ओरडले.

"भायर ये गो!" पलीकडून एकच घोष झाला. "आदी भायर ये!"

शेवटी ठेंगणीशी, झग्यावर टॉवेल घेतलेली एक बाई साकवावरून (लाकडी पुलावरून) अर्ध्यापर्यंत आली आणि तिथूनच हात पुढे करून उभी राहिली. साठीला टेकलेली असावी. मी कोटासकट तिच्यापाशी गेले. तिने माझं मनगट पकडलं आणि मला पलीकडे नेऊन सोडलं.

"खंयसून इलंस?"

"बार्शीहून."

"थंय येवढी थंडी पडता?" तिने कोट चाचपला. "चल. पेज घे वायच. तोंड बघ कसा सुकलाहा."

ही फिलोमिना. सगळे तिला फिलू म्हणतात. मला तिने सांगितलं, आंटी म्हण नाहीतर मावशी म्हण, पण ताई म्हणू नको. मी फिलूमावशी म्हणायला लागले. कारखान्यात काजू फोडणाऱ्या एकोणीस बायकांतली ती सगळ्यात जुनी.

काय प्रकार आहे ते मला पेज पिता पिता समजलं. आडबंदरात काही वर्षांनी एकदा गावपळण असते. ग्रामदेवतेचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि त्या दिवशी अख्खं गाव, गाईगुरं, कुत्रीमांजरं, कोंबड्या, सगळं घेऊन हद्दीबाहेर पडतं. तीन दिवस गावात कोणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही. हिंदूही निघतात, ख्रिस्तावही निघतात, आणि नोकरीसाठी मुंबईला गेलेले खास रजा काढून येतात, ते घरी येण्यासाठी नव्हे तर घराबाहेर राहण्यासाठी. सड्यावर माडाच्या झापांचे (विणलेल्या झावळ्यांचे) मांडव घातले होते. फिलूमावशीच्या मांडवात खांबाला क्रूस टांगलेला, शेजारच्या मांडवात देवाची तसबीर, आणि मधल्या दोरीवर दोघांचे कपडे वाळत होते.

का पळतात, हे मी सात जणांना विचारलं. सात कारणं मिळाली. फिलूमावशीचं मला पटलं.

"माणूस दिसभर गावाक वापरता. विहीर, वाट, चूल. तेंका सुट्टी नको?"

कामगारांच्या सुट्टीवर आम्ही वर्षभर शिकलो होतो. विहिरीच्या सुट्टीचा विषय कधी निघाला नव्हता.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सुकटाची किसमूर (खोबरं-कांदा घालून केलेली सुक्या मासळीची कोशिंबीर). मी जन्मात मासळी खाल्लेली नव्हती. पहिला घास धीर करून घेतला, दुसरा सवयीने आणि तिसऱ्याला किसमूर अजून आहे का असं विचारलं. फिलूमावशीने वाढताना तिची बोटं दिसली. काजूच्या टरफलाच्या तेलाने टोकं काळी पडलेली आणि गुळगुळीत झालेली. कारखान्यात अंगठ्याने हजेरी लावायचं मशीन आणलं होतं, म्हणे. एकाही बाईचा अंगठा त्याला ओळखता येईना, म्हणून ते परत गेलं आणि हजेरीपट आला. "तेचेसाठी मी सही शिकलंय," फिलूमावशी म्हणाली. "पन्नासाव्या वर्षी."

मी फॉर्म उघडला. पहिल्या तेरा प्रश्नांत अडचण आली नाही. चौदावा होता, 'कार्यस्थळी काम बंद असल्यास बंदचा प्रकार निवडा.' पर्याय चार. संप, टाळेबंदी, कामगार कपात, नैसर्गिक आपत्ती. पाचवा रकाना नव्हता आणि एक पर्याय निवडल्याशिवाय पंधरावा प्रश्न उघडत नव्हता. मी मॅडमना फोन लावला.

"पुकारला कोणी?" मॅडमनी विचारलं.

"ग्रामदेवतेने."

"ते मालकाच्या बाजूचे की कामगारांच्या?"

"मॅडम, दोन्ही बाजू एकाच पंगतीत पिठी-भात जेवतायत."

"मागण्या काय आहेत?"

"काहीच नाहीत."

"नोटीस?"

"दिली होती. महिनाभर आधी. देवळात."

"कोंबड्या पण सामील आहेत ना?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्या."

"मग संप लिहू नका. संपात कोंबड्या नसतात. मी इथे विचारते." आणि त्यांनी बर्फाच्या देशातल्या पाच तज्ज्ञांची बैठक बोलावली. ती बैठक माझ्या माहितीप्रमाणे अजून संपलेली नाही.

बंदचा प्रकार हा एवढा वेळ मला विनोद वाटत होता. तो विनोद नव्हता, हे त्याच संध्याकाळी कळलं. आमच्या पलीकडच्या मांडवात कारखान्याचे व्यवस्थापक दाजी गावडे सहकुटुंब आणि बारा कोंबड्यांसह उतरले होते. भला माणूस. माझा कोट पाहून त्यांनी संकोचत विचारलं होतं की कोंबड्यांना उघड्यावर गारठा लागतो, तर रात्रीपुरता खुराड्यावर टाकू का. मी आनंदाने दिला. कोटाला पहिल्यांदाच काम मिळालं होतं.

संध्याकाळी दाजींना मालकाचा फोन आला. मालक लांब दुसऱ्या राज्यात राहतात. झापाच्या मांडवाला भिंत नसते, त्यामुळे दाजींची घरच्यांशी असलेली मालवणी सुटून साहेबाशी असलेली शुद्ध मराठी सुरू झालेली सगळ्यांनी ऐकली.

"होय साहेब. कारखाना चालू आहे, साहेब. मी इथेच आहे." एक कोंबडी ओरडली. "नाही साहेब, ते मशीन आहे. बायकाच आल्या नाहीत, साहेब. एकही नाही... तीन दिवस नाही आल्या तर... होय. नावं कमी करतो. होय, साहेब."

फोन खाली ठेवून दाजी वळले तेव्हा एकोणीस बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"दाज्या," फिलूमावशी म्हणाली, "गेटाक कुलूप कोणी घातला?"

"मीच." दाजी खाली बसले. "साहेबान रजा दिली नसती गो. मी न विचारताच बंद केलंय. आता बंद केलो म्हणान सांगलंय तर माका काढतलो. तुमका काढल्यान तरी परत घेतलो, हात होयेच आसत तेका. माका काढल्यान तर परत कोण घेतलो?"

कारखान्याचा नियम असा की न सांगता सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तर नाव कमी. परत घेतलं तर नवीन कामगार म्हणून, दिवस पुन्हा एकपासून. आणि वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम. फिलूमावशी नऊ वर्षं काजू फोडत होती आणि नऊ वर्षं नवीनच होती. दोनशे दिवस होऊन गेले की दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा दुरुस्ती, एकदा बी आलीच नाही, एकदा हजेरीपट भिजला. या वर्षी काही निघालं नव्हतं.

"अकरा दिस रवले होते," ती मला म्हणाली. आवाज चढवला नाही, पेजेच्या टोपात पळी फिरवत राहिली. "कायम झालंय की लेकीकडे गोंयाक जावन सांगतलंय, असा ठरवलेला. आता फुडच्या वर्सा बघूया."

"मग कामावर जायचं होतंत, मावशी," मी म्हणाले आणि म्हणताक्षणी पस्तावले.

"आणि गाव?" तिने विचारलं. "गाव सगळो भायर आणि मी एकटी भितुर? कोणाची होतलंय मी मगे?"

मला रडू आलं. दाजींचा राग आला, मालकाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला माझ्या चौसष्ट प्रश्नांचा, ज्यात हे विचारायला जागाच नव्हती. नियमाप्रमाणे मी हस्तक्षेप करायचा नव्हता. मी नोंद केली. नोंद करून कोणाचं काय भलं होतं ते मला त्या वेळी दिसत नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी सड्यावरच राहिले. रोज सकाळी अ‍ॅप विचारी, 'आपण कार्यस्थळी आहात का?' आणि माझ्या जागेचा ठिपका व्हाळाच्या पलीकडे पाहून लाल होई. मला पलीकडे जाऊन हिरवी खूण आणता आली असती, दहा मिनिटांचं काम होतं. पण मनगट धरून मला बाहेर आणलेल्या बाईच्या देखत मी काय तोंडाने आत जाणार होते? मी गेले नाही. भांडी घासली, म्हशी चारल्या, गजाली (गप्पा) ऐकल्या आणि एका म्हशीने माझं ओरोसच्या शिक्क्याचं पत्र खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोटाच्या खिशात अंडं सापडलं. दाजींनी ते माझ्यासमोर धरलं, "तुमचाच आसा. कोट तुमचो." त्यांना माझ्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता. मी अंडं घेतलं आणि आभार मानले, कारण अंड्याचा काही दोष नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. बाकी गाव सामान बांधून साकवापाशी ताटकळत उभं. देवाने आधी नकार दिला. कोणी कुरकुरलं नाही; टोपली खाली ठेवली, पुन्हा चुली पेटवल्या, पुन्हा पेज शिजली. दुपारी परत विचारलं तेव्हा उजवा कौल, म्हणजे होकार, मिळाला. ढोल वाजला आणि अख्खं गाव व्हाळ ओलांडून घराकडे सुटलं. सगळ्यात पुढे कुत्री होती.

फिलूमावशी आणि बाकीच्या बायका घरी न जाता थेट कारखान्यावर गेल्या. मीही गेले. दाजी आमच्या आधी पोचले होते. गेट उघडं होतं आणि गेटवरचा कागद नाहीसा झाला होता. खळीचे चार पांढरे ठिपके तेवढे राहिले होते.

"कागद होतो हयसर," एक बाई म्हणाली.

"होतो," फिलूमावशी म्हणाली. "आता नाय."

त्या ठिपक्यांकडे बघत असताना मला माझे नऊ फोटो आठवले. मोबाइल काढला. पहिल्या आठांत मी उन्हाने डोळे मिटलेली, कोटात गुरफटलेली, घामेजलेली, अगदी वेंधळी दिसत होते. आणि प्रत्येक फोटोत माझ्या डाव्या कानाशेजारी तो कागद होता. नवव्यात सगळ्यात स्पष्ट. 'गावपळणीनिमित्त कारखाना तीन दिवस बंद राहील. कामगारांनी नोंद घ्यावी. दा. गावडे, व्यवस्थापक.'

आत दाजी टेबलापाशी हजेरीपट उघडून बसले होते. मोबाइल टेबलावर, स्पीकर चालू, त्यातून मालकाचा आवाज. "एकेक नाव वाचा आणि कमी करा."

हस्तक्षेप करायचा नाही. मी स्वतःला बजावलं. पण दुसरा नियम होता.

"माफ करा," मी म्हणाले. "मी पाहणीसाठी आलेली इंटर्न. भरलेला फॉर्म संबंधितांना वाचून दाखवणं माझ्यावर बंधनकारक आहे. दोन्ही पक्ष हजर आहेत, तेव्हा आत्ताच वाचते."

"वाचा, वाचा," मालक एकदम गोड आवाजात म्हणाले. आंतरराष्ट्रीय म्हटलं की माणसं गोड होतात, हे मी पेढ्यांपासून बघत आले होते.

मी पहिल्या प्रश्नापासून वाचायला घेतलं. पंखे किती, बादल्या किती, मुतारीला दार आहे का. बायका दाराशी उभ्या. दाजींचं पेन नावांवर थांबलेलं. चौदाव्यापाशी मी 'टाळेबंदी' निवडलं.

"बंदचा प्रकार, टाळेबंदी. म्हणजे काम व्यवस्थापनाने बंद केलं. गेटला कुलूप आणि व्यवस्थापकांच्या सहीची सूचना. पुरावा, नऊ फोटो, वेळ आणि जागेसकट. फोटो त्याच दिवशी परदेशी पोचलेले आहेत."

दाजींनी पेन हजेरीपटावर ठेवून दिलं.

"दाजी," मालक म्हणाले, "तुम्ही कुठे होता?"

दाजींनी बायकांकडे पाहिलं, मग फोनकडे. "साहेब," ते म्हणाले, आणि शुद्ध मराठी तिथेच संपली. "मीय पळालो होतंय."

"कुलूप घालून?"

"घालून. गाव पळता तेव्हा मी रवतलंय कसो?"

मी पुढचा प्रश्न वाचला, कारण तो पुढचाच होता. "पंधरा. व्यवस्थापकांचा हजेरीपटातला क्रमांक?" दाजींनी हजेरीपट माझ्याकडे सरकवला. त्यात त्यांचं नावच नव्हतं. इतकी वर्षं बायकांची हजेरी लावणाऱ्या माणसाची हजेरी कोणी लावलेली नव्हती. कागदोपत्री कारखाना बंद करणारा माणूस त्या कारखान्यात कामालाच नव्हता.

"हे सगळं परदेशी जाणार?" मालकांनी विचारलं.

"हो. मी फक्त नोंद करते."

मालक म्हणाले, "लिहा, गावची सुट्टी. कोणाचं नाव कमी करू नका."

"परवानगीची सुट्टी म्हणा, साहेब," दारातून फिलूमावशी म्हणाली.

"परवानगीची," मालक म्हणाले. "आणि दाजींचं नाव घाला त्यात."

दाजींनी नऊ वर्षं नवीन असलेल्या बाईचं नाव तसंच ठेवलं आणि खाली विसाव्या क्रमांकावर स्वतःचं लिहिलं. लिहिताना त्यांना आपलं पूर्ण नाव आठवायला जरा वेळ लागला.

दोन दिवसांनी मी परत निघाले. कट्ट्यापर्यंत दाजींनी स्कूटरने सोडलं. कोट मागे ठेवला. त्यात आता एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिला उठवणं बरोबर दिसलं नसतं. बार्शीला उतरल्यावर आईचा पहिला प्रश्न, "कोट कुठाय?"

"कामाला लागला," मी म्हणाले.

घरी आल्यावर संघटनेचं पत्र येऊन पडलेलं. पाहणी उत्तम झाली होती. मात्र अ‍ॅपच्या नोंदीनुसार पहिल्या दिवसानंतर माझी कार्यस्थळावरची उपस्थिती दोन दिवस खंडित होती, सबब प्रमाणपत्र देता येत नव्हतं. अधिकृत परवानगीचा पुरावा असल्यास सादर करावा. म्हणजे त्या सगळ्या प्रकरणात नाव कमी झालं ते फक्त माझं. मी हसले, आणि मग खोटं कशाला सांगू, दोन दिवस रडलेही. दाजींना फोनवर सहज सांगितलं, गंमत म्हणून. ते नुसते "असा काय?" म्हणाले आणि दुसरं बोलायला लागले. अकरा दिवसांचं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. पण उत्तर नको असलेलं निघालं तर, या भीतीने मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी एक जाड लिफाफा आला. काजूचा वास येत होता. आत कारखान्याच्या कागदावर दाजींच्या गोलसर अक्षरात लिहिलं होतं, 'दाखला देण्यात येतो की सदर इंटर्न गावपळणीचे तिन्ही दिवस आमच्याबरोबर पूर्ण वेळ हजर होत्या. त्यांनी भांडी घासली, गुरं राखली. परवानगी ग्रामदेवतेची होती. त्यांचा एकही दिवस कमी करू नये. पत्रास उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. पहिली सही ज्यांची आहे त्या अकरा दिवस भरेपर्यंत सही करायला तयार नव्हत्या.'

खाली वीस सह्या होत्या. मी मूळ कागद मॅडमना पाठवला आणि झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली ठेवली. प्रमाणपत्राचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, तज्ज्ञांपुढे आहे. माझं लक्ष पहिल्या सहीकडे जातं. एकेक अक्षर दाबून, सावकाश काढलेलं, फिलोमिना. आणि पुढे कंसात, कोणी विचारलेलं नसताना, (कायम).